‘वांझ’ कामकरी आणि तिची ‘योग्यता’

मुंग्यांच्या समाजजीवनावरील मराठी लेखनात ‘कामकरी मुंग्या या वांझ माद्या होत’ हे विधान बहुधा प्रारंभीच भेटते. प्रस्तुत लेखक प्राणिशास्त्राचा अभ्यासक नव्हे. परंतु एखादी संज्ञा आपल्याबरोबर कोणती गृहीतके घेऊन येते, हे पाहणे भाषाशास्त्राच्या कक्षेत येते. त्या दृष्टीने हे विधान सदोष आहे.

‘वांझ’ म्हणजे जिला अपत्य होणे शक्यच नाही ती. हा शब्द देहाच्या कायमच्या उणिवेचा निर्देश करतो. आता दक्षिण भारतात आढळणारी ‘हार्पेग्नॅथॉस सॉल्टेटर’ ही उड्या मारणारी मुंगी पाहावी. राणी मेली की तिच्या वारुळातील कामकरी मुंग्यांत स्पृशांच्या साहाय्याने द्वंद्वे सुरू होतात. त्यांतून काहींचे अंडाशय कार्यान्वित होतात, वारुळातीलच नरांशी त्यांचा समागम होतो आणि त्या अंडी घालू लागतात. एरवी सुमारे सात महिने जगणारी कामकरी अशा अवस्थेत चार वर्षांपर्यंत जगू शकते, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. फार जणींनी हा मार्ग धरल्यास इतर कामकरी त्यांतील काहींना जबड्यांत पकडून ठेवतात व त्यांचे अंडाशय पुन्हा आक्रसतात. येथे वांझपण कोठे आहे? आहे तो अटकाव. शास्त्रज्ञांनी अशा मुंगीसाठी ‘विवाह’ व ‘कामकरी’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ‘गॅमरगेट’ ही संज्ञा सिद्ध केली; १९८४ पासून ती शास्त्रीय लेखनात आहे. आपण मात्र अजून राणी व वांझ या जोडीपलीकडे गेलेलो नाही.

दुसरा शब्द ‘योग्यता’. यात गुणवत्तेचा वास आहे. मूळ संकल्पना मात्र पुढील पिढ्यांत उतरणाऱ्या वाट्याची आहे. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये या हिशेबात आप्तांच्या संततीवर होणारा परिणामही नात्याच्या प्रमाणात धरला. मुंग्यांत नर अफलित अंड्यातून उपजतो. म्हणून राणीचा समागम एकाच नराशी झाला असेल, तर सख्ख्या बहिणींचे नाते पाऊण, स्वतःच्या अपत्याशी अर्धे आणि भावाशी अवघे पाव. आपले लेखक ‘पाऊण’पाशी थांबून कामकरीच्या त्यागाचा उलगडा झाला असे मानतात. वस्तुतः बहीण व भाऊ मिळून सरासरी अर्धीच येते. शिवाय समागमावाचूनही कामकरी पुत्र प्रसवू शकत असेल, तर अर्ध्या नात्याचा पुत्र पाव नात्याच्या भावाहून तिला जवळचा ठरतो. कलहाचे बीज येथेच आहे, आणि ‘योग्यता’ या शब्दाने ते झाकले जाते. त्याऐवजी ‘वंशांश’ म्हणावे. कानाला तो प्रथम खटकेल, पण खोटे बोलणार नाही.

(व्याकरणिक लिंगाने केलेली गंमतही येथे नोंदवावी. ‘मुंगी’–‘मुंगळा’ हा भेद दोरी–दोर यांप्रमाणे आकाराचा. ज्याला आपण पुल्लिंगी मुंगळा म्हणतो, तो गुळाच्या ढेपेवर दिसणारा प्राणी मादीच असतो.)

‘वांझ’ऐवजी ‘प्रजननविरत’ सुचविला जाईल. त्यात स्वेच्छेचा भास होतो, म्हणून तोही नको. ‘अप्रसूत’ पुरेसा आहे. ‘सोलेनॉप्सिस’ व ‘फेडोल’ यांसारख्या ज्या प्रजातिसमूहांत कामकरींना अंडाशयच नसतो, तेथे सरळ ‘अंडाशयहीन’ असे लिहावे.