‘कोवळी पानगळ’ : एका नांवाची मीमांसा

एखाद्या अहवालाच्या नांवाची वाङ्मयदृष्ट्या चिकित्सा करणें हा रिकामपणचा उद्योग आहे असें कित्येकांस वाटेल. परंतु ज्या नांवानें बालमृत्यूचा प्रश्न सुशिक्षितांच्या घरांत नेला, त्याचें बरेंवाईट पाहणें हें टीकाकाराचें कामच होय.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेनें इतर स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्यानें महाराष्ट्रांतील बालमृत्यूंची मोजणी केली. सरकारी दप्तरांत नोंदले जातात त्याहून कितीतरी अधिक मृत्यु प्रत्यक्षांत घडतात, हा तिचा निष्कर्ष. २००१ सालच्या या अहवालाचें नांव ‘कोवळी पानगळ’. कोष्टकें दिसतांच पान उलटणाऱ्या वाचकास या दोन शब्दांनीं थांबविलें, हें त्यांचें यश लहान नव्हे.

तथापि या रूपकांत एक धोका आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत साग दरवर्षीं पानें टाकतो आणि पावसाबरोबर पुन्हा पालवतो. त्याबद्दल कोणी शोक करीत नाहीं, कोणास जाबही विचारीत नाहीं. ‘पानगळ’ म्हणतांच मृत्यु हा सृष्टिक्रम भासूं लागतो. सारा आरोप सांठला आहे तो ‘कोवळी’ या विशेषणांत. कारण कोवळें पान ऋतूनें गळत नाहीं, त्याला कीड लागते किंवा त्याचें पाणी तुटतें. जो वाचक पानगळीवर अश्रु ढाळून हें विशेषण विसरला, त्याची हळहळ व्यर्थ होय.

शिवाय हे शब्द शहरवासीयांसाठीं आहेत. ज्या माउलीचें मूल गेलें तिला दुःख कवितेंतून कळावें लागत नाहीं. तिला उपाय हवा असतो. तो ‘सर्च’नें ३९ गांवांत आधींच करून पाहिला होता. गांवांतीलच स्त्रियांस नवजात बालकांची घरोघर जाऊन शुश्रूषा करण्यास शिकविलें. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, तुलनेच्या गांवांच्या मानानें तेथील नवजात-मृत्यूंचें प्रमाण तिसऱ्या वर्षीं ६२ टक्क्यांनीं घटलें. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या रूपानें ही पद्धति देशभर स्वीकारली गेली.

याच संस्थेनें, ज्यांस फारसे अंक येत नाहींत अशा सुइणींसाठीं श्वास मोजण्याचें एक मण्यांचें साधन केलें. दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. मिनिट संपण्यापूर्वीं तांबडा मणी सरकला कीं न्यूमोनिया समजावयाचा. तांबडा मणीही भीतिच दाखवितो. पण त्याच क्षणीं हाताला काम सांगतो.

भावनेस आवाहन करूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र ज्या आवाहनापाठोपाठ ‘आतां काय करावयाचें’ याचें उत्तर येत नाहीं, तें करुणरसाचें काव्य होईल, आरोग्यशिक्षण होणार नाहीं. ‘कोवळी पानगळ’ या नांवामागें ३९ गांवांचें उत्तर उभें होतें, म्हणून आम्ही त्यास योग्य मानतों. त्याचें अनुकरण करूं इच्छिणाऱ्यांनीं आधीं आपलें उत्तर दाखवावें.