जोखीम कुणाच्या पदरी? चीन–पाकिस्तान आर्थिक मार्गिकेची दहा वर्षे

चीन–पाकिस्तान आर्थिक मार्गिकेविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुतांशी सामरिक भाषेत लिहिले जाते. ग्वादरला उद्या चिनी युद्धनौका लागतील का, मलाक्काच्या सामुद्रधुनीला पर्याय उभा राहील का, गिलगिट-बाल्टिस्तानातून रस्ता नेल्याने भारताच्या सार्वभौमत्वाला बाधा कशी येते, हे त्या लिखाणातले ठरलेले प्रश्न. ते गैर नाहीत. मार्गिका भारताचा दावा असलेल्या भूमीतून जाते, आणि याच कारणाने मे २०१७ मध्ये बीजिंगला भरलेल्या 'बेल्ट अँड रोड' परिषदेकडे भारताने पाठ फिरवली. परंतु या भाषेत नकाशावरची जाड रेघ दिसते, रेघेखालची वस्ती दिसत नाही.

दुसरी प्रचलित भाषा 'कर्जाच्या सापळ्या'ची. तिच्यात एक धूर्त सावकार असतो आणि एक भोळे कूळ. प्रत्यक्षात पाकिस्तानच्या राज्यकर्त्यांनी हे करार डोळे उघडे ठेवून केले. शिवाय त्या देशाच्या परकीय कर्जात चीन हा सर्वांत मोठा एकटा धनको असला, तरी बहुतेक कर्ज इतरांचे आहे, आणि नाणेनिधीच्या दारी जाण्याची पाकिस्तानची सवय या मार्गिकेहून कितीतरी जुनी आहे. म्हणून या लेखात प्रश्न वेगळा घेतला आहे. एखादा प्रकल्प अपेक्षेप्रमाणे चालला नाही, तर नुकसान कोणी सोसायचे, हे करारात आधीच ठरलेले असते. ते कसे ठरले होते? आणि त्याचा मार्गिकेलगतच्या माणसांशी झालेल्या व्यवहारावर काय परिणाम झाला?

घोषणा आणि बांधणी

एप्रिल २०१५ मध्ये शी जिनपिंग इस्लामाबादला आले तेव्हा ४६ अब्ज डॉलरचा आकडा जाहीर झाला. पुढे तो ६२ अब्जांपर्यंत चढला. २०२३ मध्ये दशकपूर्तीच्या निमित्ताने चीनने जो हिशेब मांडला त्यात थेट गुंतवणूक २५.४ अब्ज डॉलर होती. त्यासोबत ५१० किलोमीटर महामार्ग, ८,००० मेगावॉटहून अधिक वीज, ८८६ किलोमीटर पारेषण वाहिन्या आणि २,३६,००० रोजगार. ६२ अब्जांच्या तुलनेत हे निम्म्याहूनही कमी आहे. तरी पाकिस्तानच्या मानाने ते थोडे नाही, हेही नोंदवले पाहिजे.

मात्र या यादीत मार्गिका म्हणावी असे काय आहे? काश्गर ते ग्वादर अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. वाटेत ४,६९३ मीटर उंचीची खुंजेराब खिंड. नोव्हेंबर २०१६ मध्ये ट्रकांचा पहिला ताफा गाजावाजा करत ग्वादरला पोहोचला आणि माल जहाजांवर चढला. त्यानंतर तो ओघ कधी लागला नाही. तेलवाहिनी झाली नाही. कराची–पेशावर या मुख्य लोहमार्गाचे नूतनीकरण वर्षानुवर्षे चर्चेतच राहिले. नियोजित नऊ विशेष आर्थिक क्षेत्रांपैकी मोजक्याच ठिकाणी कारखाने दिसतात. पाकिस्तानचा जवळजवळ सगळा सागरी व्यापार आजही कराची आणि पोर्ट कासिममधूनच होतो. पूर्ण झालेल्या कामांत सर्वांत मोठा वाटा विजेचा आहे. म्हणजे नाव मार्गिकेचे असले, तरी पैसा मुख्यतः वीजकेंद्रांत गेला.

विजेचे गणित

याला कारणही होते. २०१३ च्या सुमारास पाकिस्तानात शहरांत आठ-दहा आणि खेड्यांत त्याहून अधिक तास वीज जात असे. कापडगिरण्या बंद पडत होत्या. वीज हा निवडणुकीचा मुद्दा होता. चिनी कंपन्यांनी साहिवाल, पोर्ट कासिम आणि हब येथे प्रत्येकी १,३२० मेगावॉटची कोळसाकेंद्रे झपाट्याने उभारली आणि भारनियमन खरोखरच घटले. त्यातही साहिवाल पंजाबच्या सुपीक पट्ट्यात, समुद्रापासून सुमारे हजार किलोमीटर आत. तिथल्या केंद्राला आयात कोळसा लागतो आणि तो बंदरातून रेल्वेने ओढून न्यावा लागतो. जागेची ही निवड आर्थिक हिशेबाने समजत नाही. सत्ताधारी पक्षाचा बालेकिल्ला पंजाबात होता, हे लक्षात घेतले की समजते.

खरी मेख दरांच्या रचनेत होती. वीजदराचे दोन भाग असतात. एक इंधनाचा, म्हणजे जेवढी वीज घेतली तेवढाच. दुसरा स्थिर आकार, म्हणजे केंद्र वीज द्यायला सज्ज आहे एवढ्यासाठी, वीज घेतली नाही तरी द्यायचा. या दुसऱ्या भागात कर्जाची फेड येते आणि भागधारकांचा परतावा येतो, आणि तो डॉलरशी बांधलेला असतो. २०१५ मध्ये डॉलरला साधारण १०२ पाकिस्तानी रुपये पडत. सप्टेंबर २०२३ मध्ये ३०० च्या वर. करारातले अक्षर न बदलता देणे जवळपास तिप्पट झाले. दुसरीकडे स्थापित क्षमता ४०,००० मेगावॉटच्या पुढे गेली, तर मागणी भर उन्हाळ्यात ३०,००० च्या आसपास आणि हिवाळ्यात त्याच्या निम्म्याहून कमी. वीजखरेदीच्या एकूण खर्चात निम्म्याहून अधिक वाटा या न वापरता द्यायच्या पैशाचा होऊन बसला.

मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने दाभोळ वीज कंपनीशी केलेला करार याच जातीचा होता. गुहागर तालुक्यातले ते केंद्र मे १९९९ मध्ये सुरू झाले आणि दोन वर्षांत बंद पडले, कारण रुपया घसरला, नाफ्थ्याचे भाव चढले आणि मंडळाला ती वीज परवडेना. पाकिस्ताननेही १९९४ च्या वीजधोरणात हाच साचा स्वीकारला होता. चिनी कंपन्यांनी तो शोधून काढला नाही. तो तिथे तयार होता आणि त्यांना तो सोयीचा होता. 'सापळा' या शब्दाने नेमकी हीच गोष्ट झाकली जाते.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये वाढीव बिले हातात पडली तेव्हा लोकांनी ती भर रस्त्यात जाळली. २ सप्टेंबरला देशभर दुकाने बंद राहिली. ज्यांना परवडले त्यांनी छपरावर सौर तावदाने बसवली. एकट्या २०२४ मध्ये पाकिस्तानने सुमारे १७ गिगावॉट क्षमतेची तावदाने आयात केली, तीही मुख्यतः चीनमधूनच. ग्राहकाने आपली सुटका करून घेतली, पण स्थिर आकार काही सुटत नाही. तो उरलेल्या ग्राहकांवर वाटला जातो. ज्याला छप्पर नाही, भाड्याची खोली आहे, गाठीला पैसा नाही, तो शेवटपर्यंत तारेला बांधलेला राहतो आणि निघून गेलेल्यांचा भार उचलतो.

समोरचा समुद्र

ग्वादर पाकिस्तानने १९५८ मध्ये ओमानकडून विकत घेतले. हातोड्याच्या आकाराचे भूशिर, त्याच्या दोन बाजूंना दोन उपसागर. बलुची बोलीत पूर्वेकडचा 'देमी झिर', म्हणजे समोरचा समुद्र, आणि पश्चिमेकडचा 'पद्दी झिर', म्हणजे पाठचा समुद्र. वाऱ्याचा रोख बदलला की कोळी एका बाजूच्या होड्या दुसऱ्या बाजूला नेत. गावाचे पोट या दोन पाण्यांवर चाले. बंदर समोरच्या समुद्रावर आले. बंदराला महामार्गाशी जोडणारा १९ किलोमीटरचा द्रुतगती मार्गही त्याच किनाऱ्याने आखला गेला. होड्या आणि पाणी यांच्यामध्ये रस्ता उभा राहतो आहे, हे कोळ्यांनी २०१८ मध्ये धरणे धरून सांगितले, तेव्हा कुठे होड्यांसाठी वाटा ठेवण्याचे मान्य झाले. आराखड्यात ही गोष्ट आधी का आली नाही, याचे उत्तर करारात सापडते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये पाकिस्तानच्या सिनेटमध्ये सांगण्यात आले की बंदराच्या उत्पन्नातला ९१ टक्के वाटा चिनी चालक कंपनीचा आणि ९ टक्के ग्वादर बंदर प्राधिकरणाचा. मुदत चाळीस वर्षे. बलुचिस्तान प्रांताचा वाटा या विभागणीत नव्हताच. ज्या गावात बंदर आहे त्याचा तर प्रश्नच नव्हता. गावाला भागीदार केले असते, तर बंदर चालावे आणि लोक राजी राहावेत, यात सर्वांचा स्वार्थ गुंतला असता. तसे न झाल्याने गाव हा केवळ सुरक्षेचा विषय उरला. तपासणी नाके आले. जन्मापासून इथे राहणाऱ्याला कोण, कुठला, कुठे चाललास, हे परक्या जवानाला सांगावे लागू लागले. डिसेंबर २०२० मध्ये शहराला तारेचे कुंपण घालायला सुरुवात झाली आणि विरोधामुळे ती थांबवावी लागली.

याच काळात शहराला पाणी पुरवणारे धरण आटले, की मिराणी धरणातून टँकर आणावे लागत. वीज येई ती इराणमधून. डिझेल आणि किराणाही बव्हंशी सीमेपलीकडचाच. निळ्या झम्याद पिकअपमधून येणाऱ्या इराणी डिझेलवर मकरानमधली असंख्य घरे चालत. मार्गिका आली तसे त्या सीमेवर कुंपण आणि परवाने आले. तीन हजार किलोमीटरवरच्या काश्गरशी व्यापार जोडण्याच्या नादात हाकेच्या अंतरावरचा व्यापार आवळला गेला. आर्थिक अहवालांत पहिली गोष्ट 'जोडणी' म्हणून मोजली जाते. दुसरी कुठेच मोजली जात नाही, कारण हिशेबाच्या लेखी ती तस्करी असते.

नोव्हेंबर २०२१ मध्ये 'हक दो तहरीक' उभी राहिली. मौलाना हिदायत-उर-रहमान हे तिचे नेते. मागण्या पाहण्यासारख्या आहेत. खोल समुद्रातल्या ट्रॉलरांना किनाऱ्याजवळ मासेमारी करू देऊ नका, अनावश्यक नाके उठवा, इराण सीमेवरचा व्यापार मोकळा करा, पाणी आणि वीज द्या. यात 'मार्गिका नको' अशी मागणी नाही. महिनाभर धरणे चालले. कडक पडद्याच्या त्या समाजातल्या हजारो स्त्रिया मोर्चात उतरल्या. आश्वासने मिळाली, पाळली गेली नाहीत. २०२२ च्या अखेरीस पुन्हा धरणे बसले, ते पोलिसांनी उधळले आणि मौलाना तुरुंगात गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्वादरने त्यांनाच प्रांतिक विधानसभेवर निवडून पाठवले. जानेवारी २०२५ मध्ये मोठाल्या विमानांसाठी बांधलेला नवा विमानतळ सुरू झाला. तिथे विमाने उतरतात ती मोजकीच.

दोन अपवाद, अर्धेमुर्धे

सगळीकडे चित्र इतके एकसुरी नाही. सिंधमधल्या थरपारकरमध्ये, राजस्थान आणि कच्छला लागून असलेल्या वाळवंटात, स्थानिक कोळशाची खाण आणि वीजकेंद्र उभे राहिले. तिथे स्थानिक कंपनी भागीदार आहे आणि कोळसा आयात करावा लागत नाही. थरच्या स्त्रिया साठ टनी डंपर चालवायला शिकल्या आणि पगार घरी आणू लागल्या. त्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे. पण खाणीतून उपसलेले खारे पाणी गोराणो गावाजवळच्या तळ्यात सोडले गेले आणि तिथले लोक चराई व विहिरी वाचवण्यासाठी वर्षानुवर्षे भांडत राहिले. लाभ एका गावाला, खारे पाणी दुसऱ्याला.

उत्तरेत हुंझामध्येही असेच दिसते. जानेवारी २०१० मध्ये दरड कोसळून अट्टाबादला सरोवर झाले. रस्ता बुडाला आणि पाच वर्षे माणसे व माल होड्यांतून जात होता. २०१५ मध्ये चिनी अभियंत्यांनी बोगदे काढून तो जोडून दिला. तिथल्या माणसाला हे उपकारच वाटतात. मात्र रस्ता रुंद झाला तसा व्यापार मोठ्या शहरांतल्या व्यापाऱ्यांकडे सरकला. ज्या संसदेत गिलगिट-बाल्टिस्तानचा एकही प्रतिनिधी नाही, तिचे कर मात्र लागू होऊ लागले. २०२५ मध्ये सोस्तच्या व्यापाऱ्यांनी महामार्गावर धरणे धरले ते याच करांविरुद्ध.

सरकवलेली जोखीम

आता मूळ प्रश्नाकडे. गुंतवणूकदाराचा परतावा सरकारी हमीने बांधला गेला. त्यामुळे केंद्र कुठे उभारावे, मागणी किती आहे, किनाऱ्यावरचे लोक राजी आहेत का, हे प्रश्न विचारण्याची आर्थिक गरजच उरली नाही. रस्ता चालला नाही तरी ज्याचा पैसा बुडत नाही, तो रस्त्यालगतच्या माणसाला विचारील कशाला?

पण दुसऱ्यावर ढकललेली जोखीम नाहीशी होत नाही. ग्राहकांना बिले झेपेनात, तेव्हा सरकारला केंद्रांचे पैसे देता येईनात. चिनी वीजकंपन्यांची थकबाकी एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली. २०२४ मध्ये पाकिस्तानने नाणेनिधीकडून पुन्हा ७ अब्ज डॉलरचा कार्यक्रम घेतला. बलुचिस्तानातल्या रोषाचा लाभ सशस्त्र गटांनी उठवला. एप्रिल २०२२ मध्ये कराची विद्यापीठाच्या आवारात आत्मघाती स्फोटात तीन चिनी शिक्षक मारले गेले. या हत्यांचे समर्थन कोणत्याही हिशेबाने होत नाही. पण तहरीकचा सनदशीर मार्ग तुरुंगाकडे नेला गेला, त्याची किंमत शेवटी कोण मोजतो, हेही त्यात दिसते.

हा हिशेब आपण परक्याचा म्हणून मिटून ठेवू शकत नाही. ग्वादरपासून फार दूर नसलेल्या चाबहारमध्ये भारताने मे २०२४ मध्ये दहा वर्षांचा करार केला. तिथे काम करणारी भारतीय कंपनी मुळात न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराने कांडल्याबरोबर मिळून काढलेली. पालघर जिल्ह्यात वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली. भारत–मध्यपूर्व–युरोप मार्गिकेला त्याचा उपयोग होईल, असे मंजुरीच्या वेळी केंद्र सरकारनेच म्हटले आहे. तिथे समुद्रात १,४४८ हेक्टर जमीन तयार होणार आहे, आणि डहाणूच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार कित्येक वर्षे विरोध करत आहेत.

वाढवण म्हणजे ग्वादर नव्हे. आपल्याकडे न्यायालये आहेत, निवडणुका आहेत, वृत्तपत्रे आहेत. परंतु ग्वादरला लागू पडलेले तीन प्रश्न इथेही विचारता येतात: माल अपेक्षेइतका आला नाही तर तोटा कोणाच्या खात्यावर पडणार, उत्पन्नात त्या किनाऱ्याचा कायमचा वाटा किती, आणि ज्यांची मासेमारीची जागा जाणार त्यांना भागीदार मानले आहे की नुकसानभरपाईचे अर्जदार? पहिले जहाज लागण्याच्या आधी या प्रश्नांची उत्तरे लेखी मिळायला हवीत. ग्वादरच्या कोळ्यांना ती रस्ता बांधायला सुरुवात झाल्यावर मागावी लागली होती.