तोल, पतन आणि निवेदन : सायकल शिकण्याच्या तीन संहिता

सायकल शिकण्याचा प्रसंग आत्मपर गद्यात वारंवार येतो. परंतु त्यातील निवेदनाची मूलभूत अडचण फारशी चर्चिली गेलेली नाही. येथे जे शिकले जाते ते सांगता येत नाही. मायकेल पोलान्यी यांनी 'पर्सनल नॉलेज' (१९५८) या ग्रंथात हेच उदाहरण घेतले आहे : तोल ज्या बाजूला जातो त्याच बाजूला हँडल वळवावे, हा नियम स्वाराचे शरीर पाळते, स्वाराला मात्र तो ठाऊक नसतो.

मार्क ट्वेन यांच्या 'टेमिंग द बायसिकल' या निबंधाचे मर्म याच ठिकाणी आहे. १८८० च्या दशकात लिहिलेला आणि १९१७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेला हा निबंध सामान्यतः विनोदी म्हणून वाचला जातो. ते वाचन अपुरे आहे. उंच चाकाच्या सायकलीवरचा निवेदक प्रत्येक सहजप्रेरणेने फसतो; बुद्धीला पटलेला नियम हातापायांना पटत नाही. विनोद निर्माण होतो तो बुद्धी आणि देह यांच्यातील या दुराव्यातून. पडणे हेच कथानक असल्यामुळे तोल साधताच सांगण्यासारखे फार थोडे उरते.

फ्रान्सेस विलर्ड यांचे 'अ व्हील विदिन अ व्हील' (१८९५) वेगळ्या वाटेने जाते. मद्यपानविरोधी चळवळीच्या या नेत्या वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी सायकल शिकल्या. सायकलीचे त्यांनी 'ग्लॅडिस' असे नामकरण केले आणि रोजच्या सरासरी पंधरा मिनिटांच्या सरावाचा हिशेबही ठेवला. त्यांच्याकडे प्रत्येक चुकीचा बोध होतो. हा उपदेशाचा सूर कधीकधी जड होतो, हे मान्य करावे लागेल. तरीही पायंडल मारणे, वळणे, उतरणे आणि सर्वांत शेवटी चढणे हा त्यांनी नोंदवलेला क्रम त्या बोधवादाला पुरून उरतो. आरंभ शेवटी शिकला जातो, ही नोंद कोणत्याही रूपकाहून बोलकी आहे.

तिसऱ्या संहितेत शिकणारी व्यक्ती एकवचनी राहत नाही. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ मध्ये सुरू झालेल्या 'अरिवोळी इयक्कम' या साक्षरता मोहिमेत स्त्रियांच्या सायकल-शिक्षणाचा समावेश होता. पी. साईनाथ यांच्या 'एव्हरीबडी लव्हज अ गुड ड्रॉट' (१९९६) मध्ये त्याचा वृत्तान्त आहे. खाणकामगार, शेतमजूर, परिचारिका असे समूह त्यात येतात. गुडघे फुटण्याचे वर्णन जवळजवळ नाही. ट्वेनच्या निबंधात फाटकाच्या खांबावर बसून टिंगल करणारा एक पोरगा आहे आणि तो निरुपद्रवी आहे. येथील पुरुषांचे शेरे मात्र स्त्रीने कुठे, कशी, कोणाच्या परवानगीने जावे हे ठरवू पाहणारे आहेत. पतन देहातून समाजात सरकले आहे.

तथापि तौलनिक वाचनात एक विषमता झाकून चालणार नाही. ट्वेन आणि विलर्ड स्वतः लिहितात. साक्षरतेच्या मोहिमेत शिकणाऱ्या या स्त्रिया मात्र वार्ताहराच्या गद्यातून, तुटक उद्गारांत बोलतात; लेखणी आणि हँडल एकाच वेळी हाती आले, पण संहिता दुसऱ्याची राहिली. साईनाथ यांच्या सहानुभूतीविषयी शंका नाही. प्रश्न वाङ्मयप्रकाराचा आहे : समूहाच्या शिकण्याला आत्मपर निबंधाचा साचा अपुरा पडतो आणि वृत्तान्ताला पहिल्या डगमगत्या फेरीचा अंतर्भाग दिसत नाही.

दिसते ते त्यानंतरचे. स्त्रियांसाठीच्या सायकली पुरेशा नसल्यामुळे अनेकींनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पुढच्या आडव्या दांडीवर मूल बसवता येते, म्हणून काहींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या.