‘तक्रार नाही’ हा निष्कर्ष कुठून येतो?

पेट पास झालात, आता सिनॉप्सिस लिहायचाय. जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांतल्या कर्मचाऱ्यांचं ‘कार्यसमाधान’ हा विषय अनेकांना सोपा वाटतो. शंभर प्रश्नावल्या प्राचार्यांच्या ऑफिसातून वाटायच्या, पाच पर्याय द्यायचे, टक्केवारी काढायची आणि लिहायचं, ‘बहुतांश कर्मचारी समाधानी आढळले’. माझा आक्षेप याच वाक्यावर आहे.

आधी कायदा बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये तक्रार निवारण समितीची तरतूद आहे. संस्थाचालित कॉलेजातून काढून टाकलं, तर न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. सरकारी कॉलेजातल्यांसाठी महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट आहे. कागदावर सगळं ठीक. पण तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे सीएचबीच्या शिक्षकाला कुणी काढत नाही. सत्र संपतं, नेमणूक संपते, पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही, एवढंच. हातात काढल्याचा आदेशच नसेल, तर अपील कशावर करणार?

आता २०१३ आठवा. एमफुक्टोच्या हाकेवर राज्यभरातल्या प्राध्यापकांनी ४ फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० या काळात नेमलेल्या बिगर नेट-सेट शिक्षकांचा प्रश्न या मुख्य मागण्या होत्या. सरकारने ७१ दिवसांचा पगार रोखला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. फक्त कात्रणं मोजलीत, तर अन्याय त्याच वर्षी सगळ्यात जास्त झाला असं वाटेल. खरं तर कात्रणांतून एवढंच कळतं, की कायम नोकरी आणि संघटना पाठीशी असलेल्यांना तेव्हा आवाज काढता आला.

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलं, की असमाधानी माणूस एकतर सोडून जातो, नाहीतर बोलतो. आपल्याकडे हे जसंच्या तसं लावू नका. पद एक, दारात रांग. सोडून जायचं कुठे, आणि बोलला तर पुढच्या सत्राचं काय? गप्प बसणं म्हणजे समाधान नव्हे.

मग करायचं काय? नमुना पदनामावरून नको, नेमणुकीच्या प्रकारावरून घ्या. फॉर्म ऑफिसातून वाटू नका. ‘समाधानी आहात का?’ विचारण्यापेक्षा ‘मागच्या सत्राचं मानधन कोणत्या महिन्यात जमा झालं?’, ‘वर्कलोड वाटताना यादी दाखवली होती का?’ असं विचारा. समितीच्या बैठका किती झाल्या, ते माहिती अधिकारात मागा.

आणि एक जपा. नाव गाळलं म्हणजे ओळख लपली असं नाही. ‘धुळे जिल्हा, मराठी विभाग, सीएचबी, महिला’ एवढ्यावरूनही बाई कोण ते कॉलेजात सगळ्यांना कळतं. तुमच्या तक्त्यातल्या एका रकान्यामुळे तिचं पुढचं सत्र जाऊ शकतं. असा रकाना थिसिसमध्ये न छापलेलाच बरा.