भरतीपुरते प्रतिनिधित्व : कोल्हापूर, बडोदे व सिडनहॅम यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
सार्वजनिक सेवेतील सामाजिक प्रतिनिधित्वाची चर्चा बहुधा भरतीपाशी सुरू होते आणि भरतीपाशीच संपते. बिंदुनामावली तपासली, अनुशेष भरला की संस्थेचे कर्तव्य पार पडले असे मानले जाते. नियुक्त व्यक्तीला त्या संस्थेत पुढे कोणती वागणूक मिळते, हा प्रश्न मात्र मागे पडतो. प्रस्तुत लेखात या दृष्टिकोनाची मर्यादा ऐतिहासिक उदाहरणांच्या आधारे तपासली आहे.

नेमणुकीचा आदेश :
राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिक्त होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. नेमणुकांचा त्रैमासिक अहवाल खातेप्रमुखांनी पाठवावा, अशी तरतूदही त्यात होती. दारच बंद असलेल्या काळात ते उघडणे हे क्रांतिकारक पाऊल होते. तथापि या अहवालातून नेमणुकांची संख्या कळत होती. नेमणुकीनंतरची वागणूक कळत नव्हती.

नेमणुकीनंतरचे वास्तव :
ही उणीव बडोद्यात ठळकपणे दिसते. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. नेमणूक उच्च पदावरील होती आणि प्रत्यक्ष संस्थानिकांचा पाठिंबा होता. तरीही कचेरीत शिपाई कागदपत्रे दुरून फेकत, पिण्याचे पाणी मिळत नसे आणि राहण्यास जागा नव्हती. पारशी धर्मशाळेतून बाहेर काढल्यानंतर त्यांना बडोदे सोडावे लागले. वरिष्ठाची सदिच्छा कनिष्ठांच्या आणि सहकाऱ्यांच्या वर्तनात आपोआप उतरत नाही, हे यातून स्पष्ट होते. पुढे १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले, तेव्हा सामाईक भांड्यातील पाणी पिण्यास काही सहकारी प्राध्यापकांनीच हरकत घेतली. म्हणजेच उच्चशिक्षित कर्मचारीवर्गही याला अपवाद नव्हता.

वर्तनाचा आदेश :
शाहू महाराजांनी १९१९ मध्ये काढलेले आदेश या दृष्टीने महत्त्वाचे ठरतात. शासकीय संस्थांत अस्पृश्यांना समानतेने वागवावे आणि ज्यांना हे मान्य नसेल त्यांनी राजीनामा द्यावा, असा त्यांचा आशय होता. १९०२ चा आदेश येणाऱ्यांविषयी होता, तर १९१९ चे आदेश आधीपासून आत असणाऱ्यांविषयी होते.

आजचा संदर्भ :
इंद्रा साहनी खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने कलम १६(४) खालील आरक्षण प्रारंभिक नेमणुकीपुरते मर्यादित ठेवले. त्यानंतर अनुसूचित जाती-जमातींच्या पदोन्नतीसाठी ७७ वी घटनादुरुस्ती (१९९५) करावी लागली. प्रवेशानंतरची वाटचाल हा स्वतंत्र प्रश्न आहे, याचीच ही कबुली होय. महाविद्यालयांतही पदव्युत्तर वर्गांचे अध्यापन, संशोधन मार्गदर्शन, महत्त्वाच्या समित्या आणि स्थाननिश्चितीचे प्रस्ताव यांत कोणाला किती वाव मिळतो, हे बिंदुनामावलीतून समजत नाही.

निष्कर्ष :
या चिकित्सेतून भरती दुय्यम आहे असा अर्थ काढता येणार नाही. ‘आधी वातावरण तयार होऊ द्या, मग भरती करू’ हा युक्तिवाद भरती टाळण्याचाच मार्ग ठरतो. परंतु भरतीची नोंद जितक्या काटेकोरपणे ठेवली जाते, तितक्याच काटेकोरपणे कामाचे वाटप, पदोन्नतीतील विलंब आणि नोकरी सोडण्याची कारणे यांचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे. अन्यथा कागदावर अनुशेष भरलेला दिसेल आणि बडोद्याचा अनुभव सौम्य रूपात पुन्हा पुन्हा घडत राहील.