किल्लो खंय आसा?

२०२० चा सप्टेंबर. वर्क फ्रॉम होममुळे मी मालवणात घरी, आणि काकाची होडी किनाऱ्यावर झापांखाली. एरवी पावसाळा ओसरला की तो पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यात ने-आण करतो. त्या वर्षी पर्यटकच नव्हते. संध्याकाळी तो माझ्या खोलीत येऊन बसायचा आणि मी काय उडवतोय ते बघायचा.

ऑगस्टमध्ये आलेला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर मी नुकताच घेतला होता. दाबोळीहून सेस्ना १७२ घेऊन, समुद्र डावीकडे ठेवून उत्तरेला निघालो. आग्वाद, तेरेखोलची खाडी, वेंगुर्ला, मग देवबागची ती चिंचोळी पट्टी, एका बाजूला कर्ली नदी आणि दुसरीकडे दर्या. काका एकेक जागा बोटानं दाखवत होता. मालवण आलं तसा तो पुढे वाकला आणि म्हणाला, "किल्लो खंय आसा?"

किल्ला होता. म्हणजे कुरटे बेट जागच्या जागी होतं, तटाची नागमोडी रेघही दिसत होती. पण १६६४ मध्ये ज्याचं काम सुरू झालं तो तट उभा नव्हता. पाण्यावर सतरंजी अंथरावी तसा सपाट पडला होता, आणि त्यावर संगणकानं स्वतःच्या मनानं झाडं लावली होती. "ह्यो किल्लो न्हय," काका म्हणाला, "किल्ल्याचो फोटो."

तांत्रिकदृष्ट्या त्याचं वाक्य अचूक होतं. या सिम्युलेटरची पृथ्वी बिंग मॅप्सच्या चित्रांवर उभी आहे. निवडक शहरं अनेक कोनांतल्या फोटोंवरून त्रिमितीत बांधली आहेत. बाकी जगात जमिनीच्या चढउतारावर उपग्रहाचा फोटो चिकटवायचा, त्यात घरं कुठे असतील हे यंत्रानं ओळखायचं आणि साच्यातली घरं ठेवून द्यायची. घर, झाड, शेत हे त्या यंत्राला कळतं. समुद्रातल्या तटबंदीसाठी त्याच्याकडे साचा नाही. दोन पेटाबाइट डेटा, सदतीस हजार विमानतळ, अख्खी पृथ्वी, ही जाहिरात खोटी नाही. फक्त त्या अख्ख्या पृथ्वीत काही जागा बांधलेल्या आहेत आणि काही नुसत्या रंगवलेल्या. आपण कुठल्या यादीत, ते मालवणवर जाऊन बघा.

या गेमवरची बहुतेक परीक्षणं ढगांवर आणि उजेडावर आहेत. ढग सुंदर आहेत, वाद नाही. पण उडणं ही बघण्याची गोष्ट आहे, हे गृहीत धरूनच ती लिहिली गेलीत. मला वाटतं, सिम्युलेटरचं खरं परीक्षण कंट्रोल्सच्या सेटिंगच्या पानावर व्हायला हवं.

माझी जॉयस्टिक सेकंडहँड, पुण्याहून आणलेली. आत पोटेन्शिओमीटर. म्हणजे एक पट्टी आणि तिच्यावर घासत फिरणारा काटा. वापरून पट्टी झिजते, मग हात स्थिर असला तरी आकडा थरथरतो आणि विमान सरळ जाताना मान हलवतं. यावर उपाय म्हणजे डेड झोन: मधल्या काही टक्क्यांत जे घडेल त्याकडे दुर्लक्ष कर, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. थरथर थांबते, पण तुमची सूक्ष्म हालचालही त्याच खड्ड्यात जाते. (महागड्या स्टिकमध्ये चुंबकाचा हॉल सेन्सर असतो, काही घासतच नाही. ती पुढे पगारवाढीनंतर.)

मग सेन्सिटिव्हिटी. खऱ्या सेस्नाचा योक लांबवर ओढावा लागतो. टेबलावरची स्टिक तेवढंच काम काही सेंटिमीटरमध्ये करते. मूळ सेटिंगची सरळ रेषा तशीच ठेवली तर उतरताना नखभर हालचालीनं नाक वर उसळतं. म्हणून आकडा उणे तीस-चाळीसवर न्यायचा, मग रेषा वाकते, मधे मऊ आणि कडेला तीव्र होते. थ्रॉटलला तर एक अंगठाभर खटका. त्यावर १४०० आणि १५०० आरपीएममधला फरक केसाएवढा. उतरताना नेमकी तीच जागा लागते.

हे सगळं मी दोन रात्री बसून केलं. गेमनं त्यात काहीही मदत केली नाही. अख्खी पृथ्वी स्वतः बांधणारी ही मंडळी हाताच्या बाबतीत म्हणतात, तुझं तू बघ. कुणी म्हणेल, बहुतेक लोक गेमपॅडवर खेळतात. खरं आहे, आणि २०२१ मध्ये हा गेम एक्सबॉक्सवरही आला. पण मग 'वास्तव' हा शब्द जपून वापरावा.

आमच्याकडच्या दशावतारात रंगमंचावर एक बाकडं असतं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगर. नट त्यावर कसा बसतो त्यावरून ते काय आहे हे ठरतं. सिम्युलेटरही असाच सुरू झाला. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंकनं पहिला बनवला तो वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून. दशावताराच्या पेटीत असतो तसाच हवेचा भाता. ढग-उजेड काही नाही. झाकलेली पेटी, समोर काटे, आणि हाताच्या हालचालीबरोबर कलणारं बूड. दुसऱ्या महायुद्धातले वैमानिक त्यात शिकले.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाला, "माका दी."

त्यानं उजवीकडे वळायला स्टिक डावीकडे ढकलली. विमान डावीकडे कललं. त्यानं आणखी ढकलली. आम्ही निवतीच्या समुद्रात पडलो. दुसऱ्यांदाही तेच. मग माझ्या लक्षात आलं की होडीच्या मशीनचा दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते, आणि हा माणूस तीस वर्षं तेच करतोय. सेटिंगमध्ये 'रिव्हर्स अ‍ॅक्सिस' नावाची चौकट असते. मी तिच्यात टिक केलं.

त्यानंतर काकानं ते विमान असं नेलं की मी गप्प बसलो. वळण घेण्याआधीच हात किंचित परत आणायचा, मला महिनाभर न जमलेली गोष्ट. विमानविद्येच्या हिशेबात हे चूकच आहे. खऱ्या विमानात अशी चौकट नसते, आणि कुठलाही प्रशिक्षक मला झापेल. तरी त्या प्रोग्रॅममध्ये काकाच्या जगण्यातली एकच गोष्ट शिरू शकली, ती त्या चौकटीतून.

थोड्या वेळानं तो म्हणाला, "हाताक काय लागणा नाय." ही तक्रार मी अजून कुठल्या परीक्षणात इतक्या थोडक्यात वाचलेली नाही. खऱ्या सेस्नात वेग वाढला की योक जड होतो, पडला की ढिला लागतो. ट्रिमचं चाक फिरवून तो भार हातावरून उतरवायचा असतो. माझ्या स्टिकची स्प्रिंग साठ नॉटला आणि एकशेवीसला सारखीच. ट्रिम हे बोटांना जाणवतच नाही, फक्त नाक हलताना दिसतं. म्हणजे इथंही शेवटी डोळाच. गंमत अशी की हाताला ओढ देणारी स्टिक, साइडवाइंडर फोर्स फीडबॅक प्रो, याच मायक्रोसॉफ्टनं १९९७ मध्ये विकली होती. २०२० चा गेम आला तेव्हा त्यात त्या ओढीची सोय नव्हती.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरात चिपीचा विमानतळ सुरू झाला, काकाची होडीही पाण्यात गेली. हॉल सेन्सरची स्टिक आणि वेगळा थ्रॉटल आता माझ्या पुण्याच्या टेबलावर आहे. वक्र नव्यानं काढले, डेड झोन जवळजवळ शून्य. प्रोफाइलच्या यादीत 'काका' मात्र अजून आहे. कधी चुकून तेच निवडलं जातं, आणि टेकऑफनंतरच्या पहिल्या वळणाला विमान भलतीकडे कलतं.