पाच किलोंत मावलेला अटलांटिक

इंधनासकट पाच किलो. मॉडेल विमानांच्या जागतिक विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या एफएआय या आंतरराष्ट्रीय महासंघाने आखून दिलेली ही मर्यादा आधी नीट ध्यानात घ्यावी, कारण ज्या उड्डाणाचा आस्वाद आज आपण घेणार आहोत त्याचे सारे सौंदर्य या बंधनातूनच उमललेले आहे. उडताना विमानाचे एकूण वजन पाच किलोंच्या आत हवे आणि पिस्टन इंजिन दहा सीसीच्या आत. आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या शंभर सीसीच्या मोटरसायकलचे इंजिन डोळ्यांसमोर आणावे आणि त्याचा दहावा हिस्सा कल्पावा. तेवढ्या बळावर बाल्सा लाकूड, फायबरग्लास आणि प्लास्टिकचे पातळ आवरण यांतून घडवलेले एक विमान ९ ऑगस्ट २००३ च्या संध्याकाळी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटाच्या केप स्पिअर या टोकावरून निघाले आणि ११ ऑगस्टच्या दुपारी आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरले. उड्डाण ३८ तास ५२ मिनिटांचे. अंतर सुमारे ३,०२८ किलोमीटर. अटलांटिक ओलांडणारे ते पहिले मॉडेल विमान.

वृत्ताचे बंधन स्वीकारलेल्या कवीला एकेक मात्रा मोजून खर्चावी लागते आणि त्या मोजदादीतूनच ओळीला घाट येतो. या विमानाचा घाट तसाच आलेला आहे. पंखांचा विस्तार १.८३ मीटर, म्हणजे उंच माणसाने दोन्ही हात पसरावेत तेवढा. नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी त्याहून किंचितच जास्त. आणि पाच किलोंपैकी जवळजवळ निम्मे वजन एकट्या इंधनाचे. उरलेल्या निम्म्यात पंख, सांगाडा, इंजिन, पंखा, बॅटऱ्या, दिशा सांगणारा जीपीएस, विमान सरळ ठेवणारा स्वयंचालक, उपग्रहाशी बोलणारा छोटा प्रेषक, सारे काही. कोणत्याही एका वस्तूने ऐसपैस बसावे अशी जागाच नाही. एका भागातून काही ग्रॅम वाचले की ते इंधनाला द्यायचे, आणि इंधनाचा प्रत्येक जादा घोट म्हणजे समुद्रावर काढलेला आणखी थोडा वेळ. ग्रॅमाचे मिनिटांत आणि मिनिटांचे मैलांत रूपांतर करणारे हे गणित वाचताना आपल्याला कुणी कंजूष हिशेबनीस आठवत नाही. एकही अक्षर जादा न वापरणारा शब्दसाधक आठवतो.

इंजिनाकडे पाहताना थोडे अधिक रेंगाळावे. ओ.एस. या जपानी कंपनीचे चार-स्ट्रोकी, दहा सीसीचे, जगभरच्या छंदिष्टांच्या परिचयाचे इंजिन. पण ते मूळ रूपात ठेवले असते तर त्याने अर्ध्या वाटेतच टाकी रिकामी केली असती. म्हणून त्यात फेरफार झाले, इंधनाची धार पुन्हा पुन्हा बारीक करण्यात आली, आणि कंदील व स्टोव्ह यांत जाळतात त्या स्वच्छ पांढऱ्या इंधनात वंगण मिसळून त्याला पाजण्यात आले. फळ असे, की एवढा महासागर चार लिटरांहून कमी इंधनात पार झाला. मॉडेल विमानाच्या इंजिनाचा किरकिरता, अधीर आवाज ज्यांनी मैदानावर ऐकला आहे, त्यांना या संयमाचे मोल अधिक कळेल. एरवी पाच-दहा मिनिटांच्या कसरतींसाठी घडलेले हे यंत्र दोन रात्री आणि एक अख्खा दिवस न थांबता एकाच लयीत चालत राहिले, आणि त्या काळात त्याच्या हाकेला धावून जाईल असे माणूस जवळपास कुठेही नव्हते.

या साऱ्यामागचा माणूस मेनार्ड हिल. जन्म १९२६ चा, व्यवसायाने धातुशास्त्रज्ञ. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अप्लाइड फिजिक्स लॅबोरेटरीत त्यांची नोकरी झाली. नोकरीच्या बाहेरचा, आणि बराचसा आतलाही, जीव मॉडेल विमानांत अडकलेला. १९७० मध्ये त्यांनी एक मॉडेल विमान ८,२०० मीटरांच्या वर नेले, म्हणजे धौलागिरीच्या शिखराहूनही उंच! वातावरणात नैसर्गिकपणे असलेल्या विद्युत्क्षेत्राचा आधार घेऊन विमानाचे पंख समतल ठेवायचे, ही विलक्षण कल्पनाही त्यांनी प्रत्यक्षात उतरवली होती. उंची, अंतर, वेळ, वेग यांचे पंचवीस जागतिक विक्रम नावावर असलेला हा गृहस्थ अटलांटिकच्या उड्डाणाच्या वेळी ७७ वर्षांचा होता. कायद्याच्या व्याख्येनुसार तो दृष्टिहीन झाला होता आणि त्याला ऐकूही कमी येत होते.

इथे कीव करण्याचा मोह आपण टाळू या, कारण या तपशिलातला खरा रस वेगळा आहे. बाल्सा हे लाकूड मुळात बोटांनी वाचायचे असते. आपल्याकडे एनसीसीच्या एअर विंगमध्ये ज्यांनी एरोमॉडेलिंग केले आहे, त्यांना ते ठाऊक असेल: पट्टी किती हलकी, रेषा कुठून कुठे जाते, पॉलिशपेपर कुठे जास्त फिरला, हे अंगठ्याच्या पोटाला डोळ्यांच्या आधी कळते. आयुष्यभर ती बोटे तयार झालेली असल्यामुळे हिल पाहण्याचे पुष्कळसे काम स्पर्शाकडे सोपवू शकले. आणि जे स्पर्शाला करता येण्याजोगे नव्हते, ते त्यांनी मित्रांकडे सोपवले. माझ्या दृष्टीने या कथेचा गाभा या दुसऱ्या सोपवणुकीत आहे.

कारण हे विमान एकट्याचे नाहीच. कुणी इलेक्ट्रॉनिक्स जुळवले, कुणी स्वयंचालकाची आज्ञावली लिहिली, कुणी महिनोन्‌महिने चाचणी-उड्डाणांना उभे राहून आकडे टिपले. मोहिमेचे रीतसर नाव ट्रान्स-अटलांटिक मॉडेल, म्हणजे टॅम, आणि हे विमान टॅम-५. पण त्याला एक लाडके नावही होते, ‘स्पिरिट ऑफ बट्स फार्म’. चार्ल्स लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये एकट्याने अटलांटिक पार केला तेव्हा त्यांच्या विमानाचे नाव होते ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’. त्या शहरातल्या धनिकांनी पैसा उभा केला होता, त्यांचा तो सन्मान. हिल आणि त्यांच्या सोबत्यांच्या मागे शहर नव्हते. होते एक शेत, जिथे त्यांना विमाने उडवू दिली जात, आणि त्या शेताचा बट्स नावाचा मालक. महासागर ओलांडायला निघालेल्या विमानाला, आपल्याला उडायला जागा दिली म्हणून एका शेतकऱ्याच्या रानाचे नाव द्यावे, याहून निर्मळ कृतज्ञता मला तरी आठवत नाही. लिंडबर्गच्या नावाशी केलेल्या या गोड लगटीत थोडे हसूही आहे, पण ते मित्रांमधले आहे.

टॅम-५ यातला पाच हा आकडा वाचताना मात्र आपण क्षणभर थांबावे. आधीची चार विमाने समुद्राने घेतली. २००२ च्या उन्हाळ्यातले प्रयत्न फसले, २००३ मध्ये चौथेही गेले. प्रत्येक विमान म्हणजे हाताने तासलेले, हाताने जोडलेले महिने.

मग ती संध्याकाळ. केप स्पिअर हे कॅनडाचे अगदी पूर्वेचे टोक. तिथून पुढे फक्त पाणी. स्थानिक वेळ पावणेआठच्या सुमारास हिल यांनी ते विमान हातांत धरून वाऱ्यात सोडले. फेकणारे हात त्यांचे, आणि ट्रान्समीटर सहकाऱ्याच्या हातात, कारण विमान दिसण्यासाठी डोळे हवेत. एकाने बळ द्यायचे, दुसऱ्याने दिशा, आणि विमान पुरेसे वर जाऊन स्थिरावले की दोघांनीही ते सोडून द्यायचे. रेडिओ-नियंत्रणाच्या छंदाचे सारे सुख हातातल्या दांडीला आकाशाने दिलेल्या प्रतिसादात असते. बोट हलले की पंख हलतो. या उड्डाणात ते सुख फक्त दोन टोकांना होते. हातातल्या रेडिओची पोच काही किलोमीटरांची, महासागर तीन हजारांचा. म्हणजे जे आयुष्यभर नियंत्रण शिकले, त्यांनी आपल्या सर्वोत्तम कृतीवरचे नियंत्रण स्वखुशीने सोडले, आणि सुमारे ३०० मीटर उंचीवरून विमान आपल्या स्वयंचालकाच्या भरवशावर पूर्वेकडे निघाले.

मधल्या त्या प्रदेशात आपल्याला कल्पनेनेच जावे लागते. खाली अंधारातले पाणी, मागून येणारा पश्चिमेचा वारा, आणि सरासरी ताशी ७८ किलोमीटरच्या आसपासचा वेग. आपल्या महामार्गावरच्या बसने गाठावा इतकाच तो. उपग्रहामार्फत अधूनमधून निरोप येई: इथे आहे, इतक्या उंचीवर आहे. मध्येच काही तास निरोप येणेच थांबले. विमान बुडाले की फक्त संदेश हरवला, हे कळायला मार्ग नव्हता, आणि दोन्ही किनाऱ्यांवरच्या माणसांना करण्यासारखे काही उरले नव्हते. नंतर संदेश पुन्हा सुरू झाला. विमान आपल्या वाटेवर होते. चालकरहित विमानाने अटलांटिक ओलांडल्याची घटना तशी नवी नव्हती. १९९८ मध्ये लाइमा नावाचे एरोसाँड विमान न्यूफाउंडलंडहून स्कॉटलंडच्या बेटांवर पोचले होते. पण ते हवामान-संशोधनासाठी घडवलेले, यापेक्षा दुपटीहून जड यंत्र होते आणि त्याच्या मागे संस्था होती. छंदाच्या वजनात राहून, छंदाच्या इंजिनावर ती वाट चालणे ही निराळी कलाकृती आहे.

आणि त्या वाटेची निवड तर फारच रसिक माणसांनी केलेली. १९१९ च्या जूनमध्ये जॉन अल्कॉक आणि आर्थर व्हिटन ब्राउन यांनी अटलांटिकवरचे पहिले विनाथांबा उड्डाण केले, तेही न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्सहून निघून आयर्लंडच्या क्लिफडेनजवळच्या दलदलीत नाक खुपसून थांबले होते. त्यांना साधारण सोळा तास लागले, आणि त्यांच्या व्हिकर्स व्हिमीला रोल्स-रॉइसची दोन अजस्र इंजिने होती. त्यांच्याही आधी, १९०१ च्या डिसेंबरात, सेंट जॉन्सच्याच सिग्नल हिलवर गुलिएल्मो मार्कोनी यांनी महासागरापलीकडून आलेला बिनतारी संदेश टिपल्याचे जाहीर केले, आणि पुढे क्लिफडेनजवळ आपले प्रचंड प्रेषण-केंद्र उभारले. अल्कॉक-ब्राउन उतरले ते त्याच केंद्राच्या परिसरात. म्हणजे न्यूफाउंडलंड आणि क्लिफडेन या दोन टोकांशी आधी रेडिओचे नाव जोडले गेले, मग विमानाचे, आणि पुढचे शतक उजाडल्यावर रेडिओवर उडणाऱ्या विमानाचे. दोन्ही उड्डाणांची टोके एकमेकांपासून काही मैलांच्या आत आहेत, आणि मार्कोनी यांच्या या दोन जागाही त्यांच्या शेजारीच. नकाशावर बोट ठेवून हे जुळताना पाहण्यात जो आनंद आहे, तो आपण घाईत उरकू नये.

आयर्लंडच्या टोकाला, क्लिफडेनच्या दक्षिणेस मॅनिन नावाच्या किनाऱ्यावर, दुसरी तुकडी वाट पाहत होती. ट्रान्समीटर अमेरिकेच्या ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सचे तेव्हाचे अध्यक्ष डेव्ह ब्राउन यांच्या हातात होता. १९१९ च्या वैमानिक-जोडीतले आडनाव योगायोगाने पुन्हा त्याच भूमीवर आले होते. ११ ऑगस्टला दुपारी दोन वाजून गेल्यावर आकाशात ठिपका दिसला, ब्राउन यांनी स्वयंचालकाकडून विमान आपल्या हाती घेतले आणि ते किनाऱ्यावर उतरवले. टाकीच्या तळाशी इंधन अगदी थोडे उरले होते. ज्यांनी ते फेकले ते हिल त्या वेळी महासागराच्या पलीकडे होते. उतरणे त्यांना फोनवरून कळले. निर्मात्याला स्वतःच्या कृतीचा शेवट दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहावा लागतो आणि तरी तो शेवट पूर्णपणे त्याचा असतो, अशी कलाकृती विरळा.

मेनार्ड हिल २०११ मध्ये गेले. त्यांच्या विक्रमांच्या यादीत अंतर, वेळ, उंची असे रकाने आहेत आणि ते भरलेले आहेत. पण माझ्या लेखी २००३ च्या त्या उड्डाणाचे श्रेष्ठत्व या रकान्यांत बसत नाही. एका किनाऱ्यावर सोडलेली वस्तू दुसऱ्या किनाऱ्यावर झेलायला आपली माणसे उभी आहेत, या विश्वासावर बांधलेले इतके देखणे काम छंदाच्या जगात मी दुसरे पाहिलेले नाही. आयर्लंडमध्ये आज मराठी कुटुंबे आहेत, आणि इथून तिकडे जाणारेही वाढले आहेत. पश्चिम किनाऱ्याच्या सहलीत क्लिफडेनला गेलात तर अल्कॉक-ब्राउन यांचे स्मारक बहुतेक जण दाखवतीलच. ते पाहून झाल्यावर थोडे पुढे, मॅनिनच्या किनाऱ्यावरही जा. मुले बरोबर असतील तर त्यांना तिथल्या वाळूत उभे करून ही गोष्ट सांगा.